उजवी बाजू

ताट पडलं तेव्हा हेडमास्तर "अशा या शूर सुपुत्राचा" इथपर्यंत आले होते. व्यासपीठाच्या उजव्या हाताला, पडद्याच्या आड, शाळेचा शिपाई गुंडा हार आणि नारळ ठेवलेलं पितळी ताट घेऊन उभा होता. ते त्याच्या हातून निसटून फरशीवर पडलं. पडून गप्प झालं असतं तर एक वेळ चाललं असतं, पण ते कडेवर उभं राहून गरगरत राहिलं, आणि त्याचा तो कर्कश आवाज सभागृहभर फिरला. पुढच्या रांगेतल्या मुलांनी कानांवर हात ठेवले. मामलेदार खुर्चीत दचकले. "हात घसरला की मास्तर," असं गुंडा पडद्याआडून म्हणाला आणि मुलं हसली. नारायणराव होटगीकरांचं लक्ष तेवढ्यापुरतं आपल्या मुलाकडे होतं, म्हणून त्यांना ते दिसलं. आरमारातला लेफ्टनंट मुकुंद होटगीकर, पांढराशुभ्र पोशाख, छातीवर चांदीचं पदक, हेडमास्तरांच्या तोंडाकडे बघत मंद हसत बसला होता. त्याची पापणीही हलली नाही. मग त्याने समोरच्या लोकांचे चेहरे पाहिले, ते सगळे कुठे बघताहेत ते पाहिलं, आणि सगळ्यांच्या मागून, सावकाश, मान उजवीकडे वळवली.

पुढची भाषणं नारायणरावांनी ऐकली नाहीत. याच सभागृहात त्यांनी एकवीस वर्षं भूगोल शिकवला होता. भिंतीवर अजून तोच जगाचा नकाशा होता, कापडी, घड्यांवर विरलेला, आणि त्यातला समुद्र त्यांनी बोटाने इतक्या वेळा दाखवला होता की अरबी समुद्राचा निळा रंग एडनच्या बाजूला उडून गेला होता. स्वतः त्यांनी समुद्र पाहिला तो चव्वेचाळिसाव्या वर्षी, मुकुंदाला मुंबईच्या शिक्षणजहाजावर पोचवायला गेले तेव्हा. होडीतून जहाजाकडे जाताना त्यांना ओकारी झाली, आणि सोळा वर्षांच्या मुकुंदाने त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. त्या दिवसापासून आपण मागे राहिलो आणि पोरगं पुढे गेलं असं त्यांना वाटत आलं होतं, आणि त्यात त्यांना सुखच होतं. मुकुंदाची पत्रं यायची. एडन, माल्टा, पोर्ट्समथ. नारायणराव ती वर्गात वाचून दाखवायचे आणि मुलांना त्या त्या जागी खूण करायला लावायचे. तिसाच्या सालात गावात लष्करी कायदा लागला, गोळीबार झाला, पांढऱ्या टोपीवाल्याला रस्त्यात अडवायला लागले, तेव्हा शिक्षकांच्या खोलीत कुणी त्यांच्याशी धड बोलत नव्हतं. राजाच्या जहाजावर पोरगा, असं पाठीमागे म्हणत. नारायणराव मान खाली घालून वह्या तपासायचे आणि घरी येऊन ती पत्रं पुन्हा वाचायचे. आणि मग परवाच्या आषाढात काठियावाडच्या किनाऱ्यावर तुफानात एक गलबत उलटलं, मुकुंदाने कमरेला दोर बांधून तीनदा उडी घेतली, अकरा माणसं वर काढली. पेपरात फोटो आला. ज्यांनी तोंड फिरवलं होतं तेच आता हार आणायला पुढे होते. नारायणरावांना वाटलं होतं, आजचा दिवस आयुष्यातला सगळ्यात मोठा. तो दिवस एका ताटाने फोडला.

टांग्यातून घरी येताना मुकुंद पुढे बसला, टांगेवाल्याच्या उजव्या हाताला, म्हणजे त्याची स्वतःची डावी बाजू टांगेवाल्याकडे. पद्मजा, त्याची बायको, चढताना हलकेच म्हणाली होती, "तुम्ही इकडून बसा." नारायणरावांना त्याचं तेव्हा काही वाटलं नाही. चाटीगल्लीच्या वळणावर ते एकदम लक्षात आलं, आणि मग एकामागून एक सगळंच लक्षात यायला लागलं. पंधरा दिवसांच्या रजेतले पाच दिवस झाले होते. या पाच दिवसांत पद्मजा कधी मुकुंदाच्या उजव्या बाजूला बसली नव्हती. मुकुंदाला कुणी काही विचारलं की त्याने उत्तर देण्याआधी तीच म्हणायची, "सासूबाई विचारताहेत, भाकरी वाढू का," किंवा "मामंजी म्हणताहेत, थंडी किती दिवस राहील." नारायणरावांना वाटलं होतं, मुंबईत राहून सून धीट झाली. आणि त्यांच्या पत्नी गोदावरीबाई तर रोज रात्री उशीला डोकं टेकवताना म्हणत होत्या, "मोठा झाला हो तो. हाक मारली तर वळून बघत नाही. आई आता अडाणी वाटत असेल." ते त्यांना समजवायचे की साहेबी शिस्तच तशी असते. आपण काय समजावत होतो, हे त्यांना आता कळलं.

तीन दिवस त्यांनी काही केलं नाही, फक्त पाहिलं. शिक्षकाला मूल फळ्याकडे बघतंय की खिडकीबाहेर हे वर्गाकडे पाठ असतानाही कळतं, तसं त्यांना ते कळत होतं, आणि तरी मन म्हणत होतं, नसेल तसं. सर्दी असेल. समुद्राच्या हवेने कान दडपले असतील. चौथ्या दिवशी सकाळी मुकुंद परसात आडाच्या कट्ट्यावर आरसा टेकवून दाढी करत होता. गोदावरीबाई देवळात गेल्या होत्या. नारायणराव त्याच्या मागे, उजव्या अंगाला, चार हातांवर उभे राहिले. "मुकुंदा, पाणी तापलं," ते नेहमीच्या आवाजात म्हणाले. वस्तरा गालावरून खाली आला. "मुकुंदा, तार आली आहे तुझी." वस्तरा त्याने पाण्यात बुचकळला. आपल्याला मग काय झालं ते नारायणरावांना नंतरही उमगलं नाही. खात्री करून घ्यायची होती, की खात्री होऊ नये म्हणून काहीतरी असं बोलायचं होतं की मेलेला माणूससुद्धा उठून बसेल. ते म्हणाले, "मुकुंदा, आई आडात पडली."

मुकुंदाने मान वर करून गळ्याखालचा साबण काढला. स्वयंपाकघरातून मात्र पद्मजा पिठाच्या हातांनी धावत बाहेर आली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिने आडाकडे पाहिलं, नवऱ्याच्या शांत पाठीकडे पाहिलं, मग सासऱ्यांकडे, आणि ती उंबऱ्यातच थांबली. आरशात ती दिसली म्हणून मुकुंद वळला.

"काय झालं गं?"

"काही नाही," पद्मजा म्हणाली. आवाज जराही कापला नाही. "मामंजी विचारताहेत, ऊन पाणी आणखी हवंय का."

"नको अण्णा, पुरे," मुकुंद हसून म्हणाला.

नारायणराव तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेले. सुनेशी एकट्याने असं बोलायची ही पहिलीच वेळ. ती चुलीपुढे बसली, तव्यावरची भाकरी एका बाजूने करपली होती. "असलं बोलू नये हो मामंजी," ती म्हणाली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. मग तिनेच सांगितलं. उजव्या कानाने काहीच नाही. डाव्याने जवळचं, समोरचं, पुरुषाचं जाड बोलणं कळतं. बायकांचं, पोरांचं, भांड्यांचं, घंटेचं नाही. उरलेलं ओठांवरून. तोफांच्या शिक्षणात सुरुवात झाली असं ते म्हणतात. आणि त्या गलबताच्या वेळी तासभर पाण्यात होते, नंतर महिनाभर कान वाहत होता. दिवसरात्र आत शिट्टी वाजते. कुणाला सांगितलेलं नाही. जहाजावर एक रत्नागिरीकडचा खलाशी आहे, पहाऱ्याच्या वेळी तो डाव्या अंगाला उभा राहतो आणि काही असलं की कोपराला हात लावतो.

"आणि तो नसला म्हणजे?"

पद्मजाने भाकरी उलटली. "असतो तो."

"अगं, पण एखाद्या दिवशी..."

"मामंजी, तुम्ही कुठे बोलू नका. त्यांचं सगळं तेच आहे हो. ते काढून घेतलं तर खाली काय राहील, मला नाही माहीत."

नारायणरावांनी मान हलवली. मान हलवली म्हणजे कबूल केलं का, हे त्यांनी स्वतःलाही विचारलं नाही. त्यांच्या डोक्यात त्या वेळी दुसरंच सुरू झालं होतं. कान वाहत होता, असं ती म्हणाली, आणि त्यांना मुकुंदाचा दहा वर्षांचा कान दिसला, कापूस घातलेला. एकवीस सालचा उन्हाळा. सिद्धेश्वरच्या तळ्यात त्या आठवड्यात एक पोरगं बुडालं होतं, आणि मुकुंद शाळा बुडवून तिथेच पोहायला गेला होता. नारायणराव छत्री टाकून घाटाच्या पायऱ्या उतरत धावले होते. पोर जिवंत दिसल्यावर जो काही आनंद झाला असेल तो सगळा त्यांच्या हातात उतरला, आणि त्यांनी त्याच्या कानाखाली अशी ठेवून दिली की तो पायरीवर बसला. नंतर महिनाभर पू येत होता. गोदावरीबाई लसूण घालून तेल कोमट करायच्या. सोळा वर्षांत त्यांना याची एकदाही आठवण झाली नव्हती. दुपारी त्यांनी बायकोला सहज विचारल्यासारखं विचारलं, "लहानपणी मुकुंदाचा कान फुटला होता बघ, कुठला गं तो?" त्या गव्हातले खडे वेचत होत्या. "दोन्ही असतील," त्या म्हणाल्या. "पोराचा कान कुणाचा फुटत नाही? आता कशाला ते?"

संध्याकाळी बापलेक तळ्याकडे फिरायला गेले. नारायणराव डावीकडून चालत होते. मुकुंदाच्या ते लक्षात आलं. तो म्हणाला, "पद्मजाने सांगितलं वाटतं."

"मला दिसलं," नारायणराव म्हणाले.

घाटावर बायका धुणं आवरत होत्या. देवळाच्या बाजूला काही लोक संक्रांतीच्या यात्रेत मिरवायच्या नंदीध्वजाच्या काठ्यांबद्दल वाद घालत उभे होते. किल्ल्याच्या तटावरून बगळे परत येत होते. दोघे वरच्या पायरीवर बसले. नारायणराव तळ्याकडे तोंड करून म्हणाले, "सोडून दे मुकुंदा. इथे ये. कुठेही काही मिळेल." मुकुंदाने त्यांच्या ओठांकडे बघण्यासाठी पुढे वाकून विचारलं, "काय?" त्यांना तोंड फिरवून पुन्हा सांगावं लागलं, आणि दुसऱ्यांदा सांगताना त्या शब्दांत काही दम राहिला नाही.

"मला दुसरं काय येतं अण्णा?" मुकुंद म्हणाला. "जहाजाच्या पुलावर, सुकाणूपाशी उभा असलो की मला सगळं कळतं. वारा कुठून येतोय ते गालाला कळतं. जहाज कसं चाललंय ते पायांना कळतं. कानाची तिथे फारशी गरज नसते."

हे खोटं आहे हे दोघांनाही ठाऊक होतं. नारायणरावांना वाटलं, आता सांगून टाकावं. ते हलक्या आवाजात म्हणाले, "मी तुला एकदा मारलं होतं." मुकुंद म्हणाला, "काय?" वारा वाहत होता. ते थोडं मोठ्याने म्हणाले. "कुणाला?" मुकुंदाने विचारलं. त्यांनी आणखी आवाज चढवला, आणि एकदा चढवल्यावर तो आवरेना. एकवीस वर्षं ज्या आवाजात त्यांनी मागच्या बाकापर्यंत खंड आणि महासागर पोचवले त्या आवाजात ते ओरडले, "इथंच! या पायरीवर! मी तुझ्या कानाखाली मारली होती! महिनाभर पू येत होता!" धुणं पिळणाऱ्या बायका थांबल्या. काठ्यांचा वाद थांबला. होटगीकर मास्तर आरमारातल्या मुलावर का ओरडताहेत हे कुणाला कळेना.

मुकुंद त्यांच्याकडे बघत राहिला आणि मग हसला, अगदी मोकळा. "ती डाव्या कानावर होती अण्णा," तो म्हणाला. "डावा तर चांगला आहे माझा. तोच तर चालतोय."

समोर उभ्या असलेल्या पोराला उजव्या हाताने मारली तर ती डाव्याच कानावर बसते, हे बरोबर होतं. पण मुकुंद समोर उभा होता का? की पळत होता, आणि त्यांनी दंडाला धरून त्याला मागे ओढलं होतं? मागून ओढलेल्या पोराला मारली तर? त्या रात्री, आणि पुढचे कित्येक दिवस, वर्गात, जेवताना, ते आपला उजवा हात हवेत धरून बघायचे. मुकुंदाला खरंच आठवत होतं, की त्याने बापाला मोकळं केलं, हे त्यांना विचारता आलं नाही. यात्रा व्हायच्या आत तो मुंबईला गेला. पद्मजाही त्याच्याबरोबर गेली. जाताना तिने सासऱ्यांना वाकून नमस्कार केला आणि वर बघताना डोळ्यांनी पुन्हा तेच सांगितलं, कुठे बोलू नका.

ते बोलले नाहीत. कुणाशी बोलायचं हेही त्यांना माहीत नव्हतं, आणि माहीत करून घ्यायचा त्यांनी प्रयत्न केला नाही. एखाद्या तासाला नकाशापुढे उभं असताना त्यांना वाटायचं, या उडालेल्या निळ्या रंगावर कुठेतरी या क्षणी तो उभा आहे, आणि त्याच्या उजव्या बाजूने काहीतरी येतं आहे. मग ते मुलांना मोसमी वारे समजावून सांगायचे. जानेवारी गेला, मार्च गेला. पद्मजाच्या पत्रात होतं, तिला दिवस गेले आहेत. गोदावरीबाईंनी देवापुढे साखर ठेवली. नारायणरावांना त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की कदाचित निभावेल.

एप्रिलच्या शेवटी मुकुंदाचं पत्र आलं. ते वर्गात वाचून दाखवण्यासारखं नव्हतं. पहाटे दाट धुकं होतं. मच्छिमारांची एक होडी उजव्या बाजूने आडवी आली. होडीतली माणसं ओरडत होती, डबा वाजवत होती. जहाजाच्या नाकाडावर उभ्या असलेल्या पहारेकऱ्यानेही ओरडून सांगितलं. रत्नागिरीचा तो खलाशी तापाने खाली पडून होता. होडीला धक्का बसला तो मुकुंदाला पायांतून कळला. त्याने उडी मारली. तीन माणसं वर आली, चौथा, होडीचा म्होरक्या, म्हातारा तांडेल, आला नाही. चौकशीत सगळे म्हणत होते की धुक्यात कुणालाच ऐकू आलं नसतं. मुकुंदाने स्वतःच सांगितलं, सगळ्यांना आलं होतं, मला आलं नाही. केव्हापासून, असं चौकशीच्या अधिकाऱ्यांनी विचारलं. तेही त्याने सांगितलं. नोकरी गेली. पत्राच्या शेवटी होतं, "पदक परत घेत नाहीत असं ते म्हणाले. आईला काय सांगायचं ते तुम्ही ठरवा."

नारायणरावांनी गोदावरीबाईंना सांगितलं की मुकुंदाची तब्येत बरी नसते म्हणून तो घरी येतोय. स्वतःला सांगायला त्यांच्याकडे काही नव्हतं. तो म्हातारा कसा दिसत असेल हे त्यांना कळत नव्हतं, म्हणून तो त्यांना कधी कुणासारखा दिसायचा, कधी कुणासारखा. त्याचं घर कुठल्या गावात असेल. त्याचा मुलगा त्या होडीत होता का. डिसेंबरात चुलीपुढे उभं राहून आपण एकदा मान हलवली, आणि चार महिन्यांनी तो माणूस पाण्याखाली गेला; मधल्या चार महिन्यांत त्यांनी भूगोलाचे किती तास घेतले होते. जूनमध्ये मुकुंद पद्मजाबरोबर आला, साध्या कोटात, दोन पेट्या घेऊन. त्यानंतर मुलाने किंवा बापाने, कुणीच त्या होडीचं नाव काढलं नाही. बहिरेपण आता लपवायचं नव्हतं, आणि घरात सगळे मोठ्याने बोलू लागले. गोदावरीबाई तर इतक्या मोठ्याने की शेजारच्या गिरिजाबाई भिंतीपलीकडून उत्तर द्यायच्या. पोरगा गर्विष्ठ झाला नव्हता, नुसता बहिरा झाला होता, याचं त्या माऊलीला दुःख झालं तसं कुठेतरी बरंही वाटलं असावं. हार घालायला आलेल्यांपैकी दोघे-तिघे भेटून गेले. मुकुंद दिवसभर ओसरीवर बसून असायचा. त्याच्यासमोरून जायला नारायणरावांना नको वाटायचं, आणि त्याला तिथे एकटा सोडून शाळेत जायलाही.

नोकरी मिळाली ती मल्लप्पामुळे. मल्लप्पा नारायणरावांचा जुना विद्यार्थी, एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे जिथे माग चालतात तिथे, दुय्यम अधिकारी होता. "मास्तर, तितं कान लागत न्हाईत बघा," तो म्हणाला होता. नारायणरावांना ते चेष्टेसारखं लागलं. पगार लहान होता, काम कारकुनाचं, मागांवर फिरून हजेरी आणि कापडाचे वार टिपायचं. मुकुंद कबूल झाला. घरी येऊन तो काही सांगत नसे. नारायणरावांनी कधी विचारलं नाही. आरमाराचा माणूस, अकरा जीव वाचवलेला, तिथे वही घेऊन कसा फिरत असेल, हे त्यांना बघायचं नव्हतं.

नोव्हेंबरात एके दिवशी दुपारी पद्मजा बाळंत झाली. मुलगी झाली. सुईण तानाबाई बाहेर येऊन म्हणाली, "लक्षुमी आली की हो, दोगीबी बऱ्या हायेत," आणि गोदावरीबाईंनी नवऱ्याला तसंच गिरणीकडे पिटाळलं. दारावरच्या माणसाने मल्लप्पाचं नाव ऐकून त्यांना आत सोडलं. लोखंडी दार उघडलं आणि तो आवाज त्यांच्या अंगावर आला. त्याला आवाज म्हणायचं तरी कसं. दात हलत होते. छाती हलत होती. शेकडो माग एका वेळी आपटत होते, आणि हवेत कापसाचा भुगा तरंगत होता. त्यांनी कानांवर हात ठेवले आणि काही फरक पडला नाही. मुकुंद त्यांना लांब, मागांच्या दोन रांगांच्या मधे दिसला. कोट काढलेला, बाह्या वर केलेल्या, केसांत भुगा. तो बोलत होता. चार माग पलीकडे उभ्या असलेल्या एका दांडग्या माणसाशी, बसप्पा जॉबरशी, म्हणजे मुकादमाशी, तो ओठ हलवून बोलत होता, आणि बसप्पा तिकडून ओठ हलवून उत्तर देत होता, आणि दोघे कशावर तरी पोट धरून हसत होते. मग नारायणरावांना दिसलं की सगळेच बोलताहेत. बायका, म्हातारे, तेलुगू बोलणारे, कानडी बोलणारे, सगळे एकमेकांच्या तोंडांकडे बघत, हात मागावर, निवांत गप्पा मारत होते. त्या सबंध जागेत ज्याला काही कळत नव्हतं असा एकच माणूस होता.

मुकुंदाने त्यांना पाहिलं आणि तो धावत आला. नारायणराव ओरडले, "मुलगी झाली!" त्यांना स्वतःचा आवाज ऐकू आला नाही. मुकुंदाने त्यांच्या ओठांवरून ते घेतलं. त्याचा चेहरा उजळला. तो वळला, हात वर केला, आणि बसप्पाला ओठांनी सांगितलं. बसप्पाने वळून पलीकडे सांगितलं. आणि बघता बघता ती बातमी त्या गदारोळातून, एक अक्षर न उच्चारता, पार शेवटच्या मागापर्यंत गेली. सगळीकडे तोंडं हसली. कुणी हात जोडले. एका म्हातारीने नारायणरावांना काहीतरी विचारलं, आणि ते काय विचारते ते त्यांना कळलं नाही.

मग मुकुंदाने त्यांचे दोन्ही खांदे धरले आणि तो बोलायला लागला. दोन शब्द नव्हेत, बरंच काही. मधे तो थांबला, त्याचे डोळे भरून आले, त्याने मान हलवली आणि पुन्हा बोलायला लागला. इतकं सलग तो बापाशी लहानपणानंतर कधी बोलला नव्हता. नारायणराव त्याच्या ओठांकडे डोळे फाडून बघत राहिले. एखादा शब्द सापडतोय असं वाटायचं, 'अण्णा' असा काहीतरी, 'पाणी' किंवा 'कोणी', आणि निसटायचा. पोरीबद्दल असेल. पद्मजाबद्दल असेल. त्या बुडालेल्या म्हाताऱ्याबद्दलही असेल. बाहेर चल आणि सांग, असं म्हणावं तर बाहेर गेल्यावर तो हे बोलणार नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं. मुकुंद बोलायचा थांबला आणि त्यांच्याकडे बघत उत्तराची वाट बघू लागला.

"हो," नारायणराव म्हणाले.